अंगावरचें दूध आणि वरचा घांस

मराठींत ‘दूध तोडणें’ असा एक शब्दप्रयोग आहे, आणि मुलाच्या आहाराविषयींचे निम्मे गैरसमज त्या एका क्रियापदांत सांठलेले आहेत. जणूं एखादा सुमुहूर्त पाहून दोर कापावा, तसें आईचें दूध एके दिवशीं बंद करावयाचें आणि मुलाला वरण-भाताच्या स्वाधीन करावयाचें! जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलेला क्रम अगदीं निराळा आहे. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध. सातवा महिना लागतांच त्याच्या जोडीला वरचें अन्न. आणि दूध मात्र दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनहि पुढें चालूच. दुधांतून कांहीं वजा करावयाचें नसतें. त्यांत अन्नाची भर घालावयाची असते. ही भर उशिरां पडली किंवा पाण्यासारखी पातळ झाली, म्हणजे काय होतें हें मेळघाटांत दिसून आलें आहे. आणि तिची जागा भलत्याच दुधानें घेतली, म्हणजे काय होतें हें पाहण्यास शहरांतील सुखवस्तु घरांतून फारसें दूर जावें लागत नाहीं.

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सातपुड्याचे घाट चढून सागाच्या रानांत शिरला, कीं वाटेंत सिपना नदीच्या कांठीं सेमाडोह लागतें. कोरकू भाषेंत ‘सिपना’ म्हणजे साग. १९७४ सालीं जाहीर झालेल्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पांत हें गांव मोडतें, आणि प्रवाशांना तें ठाऊक असतें तें वाघामुळें. बालरोगतज्ज्ञांना हा मुलूख ठाऊक आहे तो वेगळ्या कारणानें. १९९३ सालीं येथील बालमृत्यूंच्या वार्तांनीं सारा महाराष्ट्र अस्वस्थ झाला आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें. विशेष हें कीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशांत सुरू झाली, तेव्हां तिच्या पहिल्या ३३ प्रकल्पांतच धारणीचा समावेश होता. अंगणवाडी येऊनहि मुलें दगावत राहिलीं, याचीं कारणें अनेक आहेत: दारिद्र्य, न्यूमोनिया, अतिसार, दवाखान्याचें अंतर, मातेचेंच अशक्त शरीर. त्या सर्वांचा विचार येथें करतां येणार नाहीं. सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा जो नाजूक काळ, तेवढाच येथें पाहावयाचा आहे.

अंगावर पुष्कळ दिवस पाजण्याची चाल कोरकू समाजांत आहे आणि ती उत्तम आहे. उणीव पडते ती दुसऱ्या बाजूला. वरचा घांस उशिरां सुरू होतो, आणि झाला तरी तो बहुधा पातळ पेजेच्या रूपानें. पावसाळ्यांत आई-बाप दोघेंहि शेतावर असतात, घरांतलें धान्य संपत आलेलें असतें, आणि तान्हें मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतें. पुढें दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें मजुरीसाठीं खालीं मैदानांत उतरतात, तीं होळीच्या सुमारास परततात. अशा धांवपळींत मुलाला दिवसांतून तीन-चार वेळां निराळें शिजवून भरवणार कोण? आईला ज्ञान नाहीं, असें म्हणून मोकळें होणें शहरांत बसून सोपें असतें. तिला फुरसत नाहीं, ही गोष्ट अधिक खरी आहे.

आतां पातळ पेजेचा हिशेब पाहूं गेल्यास तो फार उद्बोधक ठरतो. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारें २०० उष्मांक वरच्या अन्नांतून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला ३००. आणि वर्ष उलटल्यावर ५५०. मुलाच्या जठरांत एका वेळीं मावतें तें दर किलो वजनामागें अजमासें ३० ग्रॅम. म्हणजे नऊ किलोच्या मुलाच्या पोटांत एका वेळीं २७० ग्रॅमहून अधिक जाऊंच शकत नाहीं. दहा भागांत एक भाग पीठ असलेली पेज घेतली, तर त्या २७० ग्रॅमांतून मुलाला जेमतेम ९५ उष्मांक मिळतात. ५५० चा आंकडा गांठण्यासाठीं पोट तुडुंब भरेल इतकी पेज सहा वेळां पाजावी लागेल, आणि मग अंगावर पिण्यास पोटांत जागा राहणार नाहीं ती निराळीच. याउलट पांचांत एक भाग पीठ घालून केलेला घट्ट घाटा, वर चहाचा एक चमचा तेल किंवा तूप, एवढ्यानें तेंच भांडें भरलें, तर उष्मांक २३० च्या पुढें जातात; तीन वेळां भरवलें कीं काम झालें. पोट दोन्ही प्रसंगीं भरलेलेंच दिसतें, मूल दोन्ही प्रसंगीं रडावयाचें थांबतें. आणि येथेंच आईची फसगत होते. कसोटी अगदीं घरगुती आहे: चमचा तिरपा केला असतां जें ओघळून जातें तें मुलाचें अन्न नव्हे, तें पाणी.

पण घट्ट अन्न लहान मुलाला गिळवत नाहीं, ही अडचण खरीच आहे. तिच्यावरचा उपाय मात्र आपल्याच स्वयंपाकघरांत पूर्वींपासून आहे. नाचणी भिजवून, तिला मोड आणून, वाळवून दळण्याची जी रीत आहे, तिच्यांत मोड येतांना धान्यांत एक पाचक द्रव्य तयार होतें. तें पिठुळ सत्त्वाचे तुकडे पाडतें. ज्वारीच्या किंवा बाजरीच्या दाट, कोमट घाट्यांत असल्या पिठाचा एक लहान चमचा कालवला, तर पाण्याचा थेंबहि न वाढवतां तो सैल होतो आणि त्यांतील उष्मांक कायम राहतात. बडोद्याच्या विद्यापीठांतील आहारशास्त्रज्ञांनीं १९८० नंतरच्या दशकांत या युक्तीचा शास्त्रीय अभ्यास केला. ज्वारी, कुटकी, मूग, शेंगदाणे हें सारें वऱ्हाडांत आणि मेळघाटांत पिकतें. त्यासाठीं रंगीत डबा विकत आणण्याचें कारण नाहीं. (अख्खा शेंगदाणा मात्र घशांत अडकतो, तो बारीक कुटूनच द्यावा.)

मेळघाटांत गवळ्यांचे वाडे आहेत, म्हशी आहेत, आणि चिखलदऱ्याची सहल करून येणारे लोक तेथील खवा कौतुकानें आणतात. म्हशीचें एवढें दूध असतां मुलें रोडावलेलीं कां, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रश्न स्वाभाविक असला, तरी त्यांत गृहीत धरलेली गोष्ट बरोबर नाहीं. खवा विक्रीला जातो हें तर आहेच. परंतु तें सर्व दूध मुलांच्या ओंजळींत पडलें असतें, तरी जी वस्तु सहाव्या महिन्यानंतर मुख्यत्वें कमी पडते ती त्यांत नाहीं. ती वस्तु म्हणजे लोह. जन्मतः मिळालेला लोहाचा सांठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. आईच्या दुधांत लोह थोडें, पण तें अंगीं चांगलें लागतें. गाईम्हशीच्या दुधांतलें लोहहि थोडेंच, शिवाय त्यांतील चुना व प्रथिनें इतर अन्नांतल्या लोहाच्या शोषणांत अडथळा आणतात.

शहरांतल्या घरांतली चूक येथें सुरू होते. मूल घांस नाकारतें, आजीचा जीव कळवळतो, आणि ‘निदान दूध तरी पिऊं दे’ म्हणून बाटली पुढें येते. दुधानें पोट भरलें, कीं मूल पुढच्या जेवणास तोंड उघडत नाहीं. म्हणून पुन्हां बाटली. दिवसाला लिटरभर दूध पिणारें, गुटगुटीत दिसणारें, पण ओठ पांढुरके आणि स्वभाव किरकिरा असलेलें मूल या चक्रांतून तयार होतें. त्याचें बाळसें पाहून घरचीं माणसें निर्धास्त असतात. रक्त तपासलें म्हणजे पंडुरोग निघतो. सेमाडोहचें पेज पिणारें मूल आणि हें मूल यांत दारिद्र्याचें अंतर मोठें आहे, परंतु लोहाची उपासमार दोघांचीहि तीच. यासाठीं वर्ष पुरें होईपर्यंत गाईम्हशीचें दूध हें मुख्य पेय म्हणून देऊं नये, आणि पुढेंहि तें दिवसाकांठीं अर्ध्या लिटरच्या आंत ठेवावें, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात. जें द्यावयाचें तें वाटी-चमच्यानें. बाटलीचें बूच स्वच्छ राहणें पावसाळ्यांत जवळजवळ अशक्यच. दुधांत पाणी घालण्याची चाल तर सर्वथा त्याज्य, कारण तींत दुधाचा कस अर्धा होतो आणि पाण्यांतले जंतु मात्र पुरे मिळतात.

आईच्या दुधापासून मूल अकस्मात् तोडलें जाण्याचा सर्वांत भयंकर प्रसंग म्हणजे पाठचें भावंड. डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं आफ्रिकेंतील गोल्ड कोस्टमध्यें, म्हणजे आजच्या घानांत, सुजलेल्या पायांचीं व तांबुसलेल्या केसांचीं मुलें पाहिलीं आणि १९३३ सालीं त्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील गा भाषेंतलें ‘क्वाशिओरकोर’ हें नांवच त्यांनीं पुढें शास्त्रांत रूढ केलें. त्याचा भावार्थ, नवें मूल आल्यामुळें पदच्युत झालेल्या मुलाचें दुखणें. याच बाईंनीं १९३९ सालीं सिंगापुरांत डबाबंद गोड दुधाच्या प्रचारावर इतकें कडक भाषण केलें, कीं त्याच्या मथळ्यांतच त्यांनीं दुधाच्या शेजारीं ‘खून’ हा शब्द बसविला. भारतांत अशा दुधाच्या जाहिरातींस बंदी घालणारा कायदा १९९२ सालीं झाला. दोन मुलांमध्यें तीन वर्षांचें अंतर ठेवणें, हा म्हणूनच आहारशास्त्राचाहि विषय आहे. मेळघाटांत तो आणखी निकडीचा आहे.

रोजच्या व्यवहारांत दूध आणि अन्न यांचा मेळ कसा घालावा? सातव्या-आठव्या महिन्यांत अगोदर अंगावर पाजावें आणि मग दोन-तीन चमच्यांपासून आरंभ करून हळूहळू अर्धी वाटी मऊ खिमट भरवावें, दिवसांतून दोन-तीन वेळां. नवव्या महिन्यानंतर हा क्रम उलटवावा: आधीं घांस, मग दूध. वर्षाचें मूल घरांतलेंच जेवण, तिखट वगळून, कुसकरून खाऊं शकतें. रात्रीं अंगावर पिणें सुरूच असावें. मुलाची वाटी निराळी असावी, म्हणजे त्यानें किती खाल्लें हें नेमकें कळतें. मोठ्यांच्या ताटांत चार शितें चिवडणारें मूल जेवलें असें सर्वांनाच वाटतें. डाळ, अंडें, हिरवी भाजी रोज कांहींना कांहीं पोटांत जावी, आणि त्यावर लिंबाचे चार थेंब पिळावेत, म्हणजे लोह अंगीं लागण्यास मदत होते. मधाचें बोट चाटवण्याची जुनी हौस मात्र वर्षाच्या आंत आवरावी; क्वचित् मधांत असणारे एक प्रकारचे जंतु तान्ह्या मुलाच्या जिवावर बेततात.

महाराष्ट्र सरकारनें आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नांवें अमृत आहार योजना २०१५ सालीं सुरू केली: गरोदर व बाळंत स्त्रियांना एक वेळचें पुरें, ताजें जेवण. पुढच्याच वर्षीं तींत सात महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं अंडें किंवा केळें यांची भर पडली. योजनेंत ‘सात महिने’ हा आरंभ नेमका धरलेला आहे, हें तिचें शहाणपण. अडचण उरते ती आजारपणाची. जुलाब किंवा ताप आला, कीं अन्न तोडावें हा समज डोंगरांत जितका घट्ट आहे, तितकाच पुण्या-नागपुरांतहि आहे. आजारांत अंगावरचें दूध अधिक वेळां पाजावें, मऊ अन्न थोडथोडें चालू ठेवावें, जुलाबांत क्षार-साखरेचें पाणी द्यावें, आणि मूल उठून बसलें म्हणजे पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावें. अंगावरून उतरलेलें वजन त्याच पंधरवड्यांत भरून काढावयाचें असतें, कारण पावसाळ्यांत पुढचें दुखणें फार दिवस थांबत नाहीं.