डोळ्यांवर चष्मा, समोर दुसरंच जग

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे शहरातलं खूळ आपल्याला कशाला? विषय आहे व्हीआर सिनेमा. व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, मराठीत आभासी वास्तव. पण हे खूळ आता शहरात राहिलेलं नाही. जत्रेतल्या तंबूत ते आलंय, आणि देशातल्या काही मोठ्या देवस्थानांत तर चष्मा लावून गाभाऱ्यातली आरती दाखवणारेही बसतात. तेव्हा ते काय आहे हे आपल्याला कळायला हवं.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिनं हाच विषय घेतला : व्हीआर सिनेमा, माणसाचं मन आणि धर्म. तिच्या वहीतले प्रश्न मला आवडले. आजचं बोलणं बरंचसं त्या वहीवरून आहे, मतं मात्र काही ठिकाणी माझी आहेत.

आधी हे चालतं कसं ते बघू. एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून बघा. जमत नाही चटकन. कारण दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळी दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू ठरवतो की सुई किती लांब आहे. व्हीआरचा चष्मा, खरं तर डोळ्यांवर बांधायचा डबाच तो, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवतो. मग सपाट पडद्यावरचं चित्र खोल वाटायला लागतं. ही युक्ती जुनी आहे, इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ती 1838 मध्येच लिहून ठेवली होती. नवीन गोष्ट दुसरी. तुम्ही मान वळवली की डब्यातलं चित्रही वळतं. वर बघितलं तर आभाळ, मागे वळलात तर मागचा रस्ता. सिनेमा तुमच्या समोर राहत नाही, तुम्हीच त्याच्या मधोमध उभ्या राहता.

घाटात एसटी वळणं घ्यायला लागली की मळमळतं ना, तसंच काहींना या चष्म्यातही होतं. डोळे सांगतात आपण चाललोय, कानाच्या आतला तोल सांगतो आपण बसलोय. दोघांचं जमत नाही आणि पोटात ढवळायला लागतं.

त्या मुलीनं गटाच्या बैठकीला एकदा तो चष्मा आणला होता. उंच इमारतीच्या टोकावर एक फळी, एवढंच चित्र. पायाखाली आमच्या समाजमंदिराची शहाबादी फरशी आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी ज्या बाई रोज विहिरीच्या काठावर उभ्या राहून पाणी शेंदतात त्यांचा पाय पुढे पडेना! नंतर त्या म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं गं खोटं हाय, पर पायाला कोण सांगणार?" मानसशास्त्राची पुस्तकं पानंच्या पानं जे सांगतात ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मनाचा एक भाग खोटं ओळखतो, पण छातीची धडधड आणि तळहाताचा घाम त्याचं ऐकत नाहीत.

आणि शरीर ऐकत नाही म्हणूनच हे औषधासारखं वापरता येतं. अमेरिकेत बार्बरा रोथबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये उंचीची भीती असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. चष्म्यात पूल, बाल्कनी, काचेची लिफ्ट. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, काही आठवडे. भीती कमी झाली. विहिरीत पोहायला शिकवताना आपणही आधी पायरीवर बसवतो, मग कमरेएवढ्या पाण्यात नेतो, तसंच हे.

दुसरा प्रयोग भाजलेल्या रुग्णांचा आहे. भाजल्यावर रोज जखम धुऊन पट्टी बदलताना काय यातना होतात हे आपल्यातल्या कित्येकींनी जवळून पाहिलंय. अमेरिकेत सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अशा रुग्णांसाठी बर्फाचं एक जग तयार केलं. तो सिनेमा नाही, खेळ आहे. बर्फाच्या दरीतून जायचं आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकायचे. बाहेर पट्टी चालू, आत बर्फ. औषध चालूच असतं, पण रुग्ण सांगतात की दुखणं कमी जाणवलं. दुखायलासुद्धा लक्ष लागतं, आणि ते लक्ष बर्फात गुंतलेलं असतं. मला विचाराल तर या सगळ्या तंत्राचा हा सगळ्यात निर्मळ उपयोग. आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या जळीत वॉर्डात असे दोन चष्मे आले तर मी पेढे वाटीन.

इथपर्यंत सोपं आहे. दुसऱ्याचं दुःख दाखवायला हा चष्मा वापरला की प्रश्न सुरू होतात.

2015 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघासाठी 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' नावाचा छोटा व्हीआर सिनेमा निघाला. सीरियातल्या युद्धातून पळालेली बारा वर्षांची सिद्रा जॉर्डनमधल्या झातारी छावणीत राहते आणि आपल्याला तिची शाळा, तिचं घर, भाकरीची भट्टी दाखवते. आपण तिच्या खोलीत बसल्यासारखे असतो. बनवणाऱ्यांपैकी ख्रिस मिल्क यांनी व्हीआरला 'सहानुभूतीचं यंत्र' म्हटलं. हा सिनेमा मोठमोठ्या लोकांना दाखवून मदतही गोळा केली गेली.

पण पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं : छावणी कशी दिसते हे तिथल्या माणसांचं दुःखच नव्हे. परत जायला घर नाही आणि उद्याचा भरवसा नाही, हे त्यांचं दुःख. चष्मा लावणाऱ्याला तर माहीत असतं की आठ-दहा मिनिटांत आपण तो काढणार. मला हे पटतं. दुष्काळात आपल्याकडे पाहणीला गाड्या येतात. कोरडी विहीर बघून साहेबांचे डोळे खरोखर भरून येतात, नाही असं नाही. पण रात्री दोन वाजता टँकरची वाट बघणं त्यांच्या वाट्याला येत नाही.

तरी एक व्हीआर सिनेमा या टीकेतून सुटतो असं त्या मुलीनं लिहिलंय, आणि तिथे धर्माचाही संबंध येतो. जॉन हल हे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात धर्मशिक्षणाचे प्राध्यापक होते. चाळिशी ओलांडल्यावर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. 1983 पासून ते आपले अनुभव कॅसेटवर बोलून ठेवायला लागले. त्या कॅसेटींवर 2016 मध्ये 'नोट्स ऑन ब्लाइंडनेस : इनटू डार्कनेस' हा व्हीआर सिनेमा झाला. चष्मा लावला की जवळजवळ अंधारच. पावलं वाजली की त्या जागी निळसर आकृती उमटते, आवाज थांबला की विझते. पावसाबद्दल हल सांगतात की आंधळ्याला पाऊस म्हणजे उजेडच, कारण पत्र्यावर, पानावर, दगडावर तो वेगवेगळा वाजतो आणि सगळं अंगण डोळ्यांपुढे उभं राहतं. घरातही पाऊस पडावा, म्हणजे खोली समजेल, असं त्यांना वाटायचं. त्यांनी देवाला नवस केले नाहीत की दोषही दिला नाही. पुष्कळ झगडल्यावर आंधळेपण ही न मागितलेली देणगी आहे, तिचं काय करायचं ते आपल्याला ठरवायचंय, अशा समजुतीला ते आले. हा सिनेमा आपल्याला रडवायला बघत नाही. दुसरा माणूस जग कसं जाणतो ते शिकवतो, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आता वहीतलं सगळ्यात अवघड पान. दक्षिण कोरियात एका आईची सात वर्षांची मुलगी 2016 मध्ये आजारानं गेली. तिथल्या एमबीसी वाहिनीनं फोटो आणि व्हिडिओवरून ती मुलगी संगणकावर उभी केली आणि 2020 च्या फेब्रुवारीत हा कार्यक्रम दाखवला. आईनं चष्मा आणि हातमोजे घातले. मुलगी धावत आली, आई कुठे होतीस म्हणून विचारायला लागली. दोघींनी वाढदिवस केला. शेवटी मुलगी झोपली आणि फुलपाखरू होऊन उडाली. आई हवेत हात फिरवत रडत होती. नंतर ती म्हणाली की कधीपासून हवं असलेलं स्वप्न पडल्यासारखं वाटलं.

यावर जगभर वाद झाला. हे जखमेवरची खपली काढणं आहे, असं काहींचं म्हणणं. गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं म्हणजे शोक, असं फ्रॉइड यांनी 1917 मध्ये मांडलं होतं. पुढे काही अभ्यासकांनी उलट मांडलं : माणसं नातं तोडत नाहीत, ते वेगळ्या रीतीनं चालू ठेवतात. आपण हे पुस्तकाआधीपासून करतो. पितरांच्या पंधरवड्यात पान वाढतो, गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ आठवणीनं करतो. कोरियातही पूर्वजांपुढे जेवण मांडायची रीत आहे. मग त्या आईनं चष्म्यात केक कापला तर वेगळं काय?

मला वेगळं दिसतं ते असं. दहाव्याला घाटावर कावळ्याची वाट बघत आपण एकटे नसतो. भावकी असते, शेजारीण असते, कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. आणि विधीला शेवट असतो, तेरावा झाला की गोड करतात. चष्म्यात त्या आईशेजारी कोणीच नव्हतं, ती दिसत होती ते मात्र लाखो अनोळखी लोकांना. उद्या हे विकत मिळायला लागलं तर शेवट कोण ठरवणार? दर महिन्याला पैसे भरा आणि लेकीला भेटा असं झालं, तर कर्ज काढूनही भरणाऱ्या आया निघतील. गट चालवताना आजारपण आणि मयतीसाठी काढलेली कर्जं मी पाहते, म्हणून बोलते.

राहिलं दर्शन. चष्म्यातून पंढरीचा विठोबा पाहिला तर पुण्य लागतं का, असं आमच्या गटातल्या आजींनी विचारलं. पुण्याचं मी सांगणारी कोण! पण आपल्या परंपरेत दर्शनाचे प्रकार आहेतच. पदस्पर्श दर्शन, मुखदर्शन, रांग फार मोठी असेल तर कळसाला हात जोडून फिरणारे वारकरी. मानसपूजाही आहे, त्यात फुलं, गंध, नैवेद्य सगळं आपणच मनात मांडायचं असतं. चष्म्यात मांडायला काही उरत नाही, सगळं तयार येतं. गुडघे गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या बाईला यातून समाधान मिळालं तर कोणी हसू नये.

मात्र 'आता चष्मा आहे, तुम्हाला आत यायची गरज काय' असं कोणी म्हणायला लागलं तर सावध राहा. चोखोबांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर बाहेर आहे, कारण त्यांना आत जाऊ दिलं नव्हतं. दलितांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. विठोबाची तसबीर तेव्हा घरोघरी होती. नुसतं दिसण्यानं भागत असतं तर गुरुजींनी दहा दिवस उपास कशाला केला असता? शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी 2016 मध्ये बाया भांडल्या, त्यांनाही शिळा लांबून दिसतच होती.

तुमच्या गावच्या जत्रेत चष्मा आला तर बघा जरूर. बसून बघा, उभ्यानं तोल जातो. फिट येणाऱ्यांनी आणि अगदी लहान मुलांनी लावू नये. आधी तो पुसून घ्या, दहा जणींच्या डोळ्यांना लागलेला असतो. घरात नुकतीच मयत झालेली एखादी बघत असेल तर तिच्या शेजारी बसा, आणि चष्मा उतरला की लगेच "कसं वाटलं?" म्हणून विचारू नका. काय दिसलं ते ती सवडीनं सांगेल.