यंत्र कुणाचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची नित्याची मोफत देखभाल थांबविली. ज्यांना हवी त्यांच्यासाठी सुरक्षा-दुरुस्तीची एका वर्षाची मुदतवाढ ठेवण्यात आली. पण मुदतवाढ म्हणजे अभयदान नव्हे. नव्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर असावा लागतो. परिणामी पडदा शाबूत, कळफलक शाबूत, काम चोख, असे असंख्य लॅपटॉप केवळ एका तारखेने म्हातारे ठरले. कर्ज काढून मुलाला लॅपटॉप घेऊन देणाऱ्या पालकाने तो आता भंगारात घालावा काय?

गोमंतकीय वाचकांस भाटकार आणि मुंडकार हे नाते समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घर मुंडकाराने बांधावे, शाकारावे, त्यात पिढ्या काढाव्या. जमीन मात्र भाटकाराची आणि 'ऊठ' म्हणण्याचा अधिकारही त्याचाच! या मुंडकारास संरक्षण देण्यासाठी १९७५ साली कायदा करावा लागला. लॅपटॉपची कथा फारशी निराळी नाही. यंत्राचे पैसे आपण मोजतो, परंतु त्यातील कार्यप्रणाली आपल्या मालकीची होत नाही. आपणांस मिळतो तो वापराचा परवाना, आणि त्याच्या अटी देणारा ठरवितो.

या व्यवस्थेला पर्याय आहे, आणि तो आजचा नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्डस या विद्यार्थ्याने तिला लिनक्स हा गाभा मिळवून दिला. ही प्रणाली कुणीही घ्यावी, तपासावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. पेनड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते. तेवढ्याने मूळ प्रणालीस धक्का लागत नाही. पुढे दोन्ही प्रणाली एकाच लॅपटॉपवर शेजारी नांदू शकतात. मात्र आधी सर्व कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवावी, आणि डिस्क कुलूपबंद असल्यास बिटलॉकरची किल्ली टिपून ठेवावी. घाईत चुकीचा कप्पा पुसला गेला, तर त्याचा दोष प्रणालीचा नव्हे.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. हिशेबाचे काही कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालतात. एखादा प्रिंटर रुसतो. जुन्या मराठी फॉण्टांतील मजकूर ते फॉण्ट नसल्यास वाचता येत नाही. म्युनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा मार्ग धरला, सुमारे १५ हजार संगणक त्यावर आणले, आणि २०१७ साली परत फिरण्याचा निर्णय घेतला. उलटपक्षी केरळच्या शाळांनी मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे निष्ठेने राबविली आहे. शिक्षकांना आधी शिकविले, अभ्यासक्रम तिच्याभोवती बेतला, म्हणून ती तेथे रुजली.

हा धडा आमच्या शिक्षणखात्याने घ्यावा. जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी ते लिनक्सवर चालतात काय, हे पाहिले जावे, आणि शासकीय मराठी मजकूर कोणत्याही प्रणालीवर वाचता येईल अशा युनिकोडमध्येच सिद्ध व्हावा. ज्याला विंडोज हवे त्याने ते खुशाल वापरावे. आमचे त्याच्याशी भांडण नाही. परंतु स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर कोण नांदणार, हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याचाच असला पाहिजे. कसेल त्याची जमीन हे तत्त्व ज्या समाजाने मान्य केले, त्याला एवढे कळण्यास अवघड जाऊ नये.