बारमाही सुकाळ आणि पिंजऱ्यातले पाखरू



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पंगतीला पिंजऱ्यातल्या एका पाखराची अंडी आणून बसवताना मला संकोच वाटतो. परंतु या विषयाशी एका जिवाचे मरण निगडित आहे, आणि ते मरण आमच्या घरात, आमच्याच अज्ञानामुळे घडले. तेव्हा संकोच बाजूला ठेवून बोलतो.

मी मूळचा जांब समर्थचा. शाळेतली नोकरी संपल्यावर मुलाकडे जालन्याला राहावयास आलो. तिथे नातीने हौसेने एक कॉकाटील पाळला होता. तो मादी आहे हे पहिले अंडे पडले तेव्हा आम्हाला कळले. घरात आनंदीआनंद झाला. ज्या दुकानातून पाखरू आणले होते तिथे विचारले, तर उत्तर आले, "नर नाही, तेव्हा अंडे फोल आहे, फेकून द्या." आम्ही फेकले. एक दिवस गेला आणि दुसरे आले, तेही फेकले. सव्वा महिन्यात अशी सोळा अंडी झाली. सतरावे पोटातच अडकले. पशुवैद्याकडे नेईपर्यंत फार उशीर झाला होता. नात मला म्हणाली, "आजोबा, आपण तिला रोज दाणे घालत होतो, मग ती कशाने गेली?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

पाखरू मूळचे कुठले

आपला हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते. त्यामुळे हौशी घरांतून आता परदेशी जातीचे पक्षी दिसतात. कॉकाटील हा त्यांपैकीच एक. काकाकुव्याच्या कुळातला हा सर्वांत लहान पक्षी. अंगाने करडा, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी टिकली, वजन साधारण ९० ते १०० ग्रॅम. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो.

त्याचे मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग. तिथे पाऊस बेभरवशाचा. पाण्याच्या आणि दाण्याच्या शोधात हे थवे रानोमाळ हिंडत असतात. एखाद्या भागात पाऊस झाला, गवत वाढले आणि त्याला बी धरले, की पाण्याजवळच्या जुन्या झाडाची ढोली पाहून जोडपे घर करते. एका विणीत चार ते सात अंडी, तीही एकाआड एक दिवस. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने उबवतात आणि अठरा ते एकवीस दिवसांत पिल्ले बाहेर येतात. सुकाळ ओसरला की वीणही थांबते. पाऊस पाहून पेरणी करायची आणि पाऊस नसेल तर बियाणे राखून ठेवायचे, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावयास नको. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे त्यांना तर नाहीच नाही.

आता हेच पाखरू आपल्या घरात आणून ठेवा. दाण्याची वाटी सदैव भरलेली. दिवे आणि दूरदर्शन रात्री अकरापर्यंत चालू. पिंजऱ्यात एक मडके किंवा लाकडी पेटी टांगलेली. ती त्याच्या लेखी ढोलीच. समोर आरसा, म्हणजे जोडीदार. शिवाय घरातले कोणीतरी प्रेमाने पाठीवरून हात फिरवते, आणि पाठीवरचा स्पर्श हा पक्ष्याच्या भाषेत जोडीदाराचा स्पर्श असतो. पाखराच्या हिशेबी हा बारमाही सुकाळ झाला. मग ते बारमाही अंडी घालू लागते. त्याचा स्वभाव बिघडलेला नसतो. ज्या सुकाळात त्याचा स्वभाव घडला, तो आपण कधी संपूच देत नाही.

अंड्याची किंमत

नर नसताना अंडे कसे, असे पुष्कळजण विचारतात. कोंबडी जशी कोंबड्यावाचून अंडी देते तसेच हे. अंडे तयार होण्यास नराची गरज नसते, त्यातून पिल्लू होण्यास असते.

या कामी उजेड फार महत्त्वाचा. कॅनडात विल्यम रोवन या शास्त्रज्ञाने १९२०-३० च्या दशकात लहान पक्ष्यांना ऐन हिवाळ्यात संध्याकाळी कृत्रिम उजेड दिला, तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी असूनही त्यांच्या जननग्रंथी वाढल्या. दिवस मोठा झाला की मेंदूतून ग्रंथींना संदेश जातो आणि अंडाशय जागे होते. पक्ष्यांच्या बाबतीत हा उजेड केवळ डोळ्यांतून नव्हे, तर कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूला पोचतो. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे व्यावसायिक शेडमध्ये दिवे लावून सोळा तासांचा दिवस करतात, त्याचे कारण हेच. रात्री उशिरापर्यंत दिवे जाळणारे आपले घर नकळत तोच धंदा करीत असते.

एक अंडे पाच-सहा ग्रॅम भरते, म्हणजे मादीच्या वजनाचा सुमारे सोळावा हिस्सा. पन्नास किलो वजनाच्या बाईने एकाआड एक दिवस तीन किलोचे मूल प्रसवावे, असा हा भार आहे. अंड्याचे कवच जवळजवळ संपूर्ण चुनखडीचे असते. त्यासाठीचे कॅल्शियम आहारातून पुरले नाही की मादीच्या हाडांतून काढले जाते. विणीपूर्वी हाडांच्या पोकळीत थोडा साठा निसर्ग करून ठेवतो, पण तो एका विणीपुरता. तो संपला की हाडे ठिसूळ होतात. याहून मोठे संकट पुढेच असते. स्नायू आकुंचन पावण्यासही कॅल्शियमच लागते. ते संपले की अंडे बाहेर ढकलण्याची ताकद उरत नाही आणि अंडे अडते. माझ्या नातीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. वाटीत दाणे भरपूर होते, पण नुसत्या दाण्यांत कॅल्शियम फारच थोडे असते.

खुडूक कोंबडीचा धडा

आमची मुख्य चूक मात्र अंडी फेकण्याची होती, आणि ती कळण्यासाठी मला ग्रंथालयात जाण्याची गरज नव्हती. जांब समर्थला आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांना हे शास्त्र पाठ होते. अंडी हवी असतील तर खुराड्यात एखादे ठेवून बाकीची रोज काढून घ्यायची. कोंबडी घालीत राहते. सगळी तिच्याजवळच राहू दिली की थोड्या दिवसांत ती खुडूक होते, अंड्यांवर बसून राहते आणि नवे अंडे घालण्याचे थांबवते.

कॉकाटीलचेही तसेच आहे. पोटाखाली पुरेशी अंडी लागली की शरीरात उबवण्याचा रस वाढतो आणि त्याने अंडाशय शांत होते. अंडी नाहीशी झाली, तर पाखरू समजते की सापाने किंवा कावळ्याने ती नेली, आणि तोटा भरून काढू लागते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात एकाने एका रानटी सुतार पक्ष्याच्या घरट्यात एकच अंडे ठेवून बाकीची रोज काढून घेतली, तेव्हा त्या मादीने ७३ दिवसांत ७१ अंडी घातली. आम्ही आमच्या पाखराकडून हेच करवून घेत होतो.

तेव्हा पहिला नियम असा: घातलेली अंडी काढू नयेत. प्रत्येकावर पेन्सिलीने हलकेच तारीख लिहावी आणि तीन आठवडे मादीला खुशाल बसू द्यावे. फुटलेले मात्र लगेच काढावे. बाजारात लाकडी वा प्लास्टिकची खोटी अंडी मिळतात, ती बदली ठेवली तरी चालतात. नर सोबत असेल आणि पिल्ले नको असतील, तर अंडे पडल्या दिवशीच उकळून, पूर्ण गार करून परत ठेवावे. तीन आठवड्यांनी मादी कंटाळून आपणच उठते. मग ती अंडी उचलावीत.

घराचा ऋतू बदलणे

दुसरा नियम म्हणजे सुकाळ थोडा आवरता घेणे. उपाशी ठेवणे असा याचा अर्थ कोणी करू नये. एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही झेपत नाही.

संध्याकाळी लौकर पिंजरा शांत, अंधाऱ्या खोलीत न्यावा आणि बारा ते चौदा तास सलग अंधार द्यावा. दूरदर्शनसमोर पिंजऱ्यावर नुसते फडके टाकून भागत नाही. उजेड आणि आवाज दोन्ही आत जातात. सर्व उपायांत हा बिनखर्चाचा, आणि घरच्या मोठ्या माणसांना सर्वांत अवघड जाणारा.

मडके, पेटी, आरसा, कागदाच्या चिंध्या काढून टाकाव्यात. पाखराला घरात मोकळे सोडीत असाल, तर कपाटाखाली किंवा पुस्तकांच्या मागे शिरू देऊ नये. पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्या अधूनमधून बदलाव्यात. अस्थिर जागी पक्षी घर मांडीत नाही. हे सारे वीण सुरू नसताना करावे. हात फक्त डोक्यावर आणि गालांवर फिरवावा. पाठ, शेपूट, पंखांखालची जागा वर्ज्य.

आहारात राळा, बाजरी ही मोजून द्यावीत. सूर्यफुलाचे बी तेलकट, ते बक्षिसापुरते. ऊन ऊन मऊ भात, भिजवलेले दाणे यांचा मारा करू नये. तोही सुकाळाचा निरोप ठरतो. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर धुऊन द्यावी. पालकात चुना असला तरी त्यातले आम्ल तो अंगी लागू देत नाही, म्हणून पालकावर भिस्त ठेवू नये. पिंजऱ्यात समुद्रफेनाचा तुकडा कायम टांगावा. तो पाखराच्या दुकानात मिळतो. पानात खायचा चुना मात्र चुकूनही देऊ नये, तो तोंड भाजतो. कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते सकाळच्या कोवळ्या उन्हाने मिळते. ऊन काचेआडून मिळाल्यास उपयोग नाही. पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत असावा. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात नऊनंतरचे ऊन पाखराला सोसत नाही.

स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आठवड्याला एकदा पाखराचे वजन करून वहीत लिहावे. वजन उतरू लागले तर आहार कमी पडतो आहे असे समजावे.

केव्हा धावपळ करावी

वर्षातून एखाद-दुसरी वीण होणे हे काळजीचे कारण नाही. विणीमागून वीण चालू राहिली, किंवा एका विणीत आठाच्या पुढे अंडी गेली, तर पशुवैद्याला दाखवावे. कॅल्शियमची पातळी तपासता येते. अंडाशय काही महिने शांत ठेवणारी औषधे आता इंजेक्शनाने अथवा कातडीखाली बसवून देता येतात. अंडनलिका काढण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण एवढ्याशा जिवाला ती धोक्याची, म्हणून शेवटचा उपाय. प्रत्येक पशुवैद्य पक्ष्यांचे काम करतोच असे नाही. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा जवळच्या जाणकाराकडे आधीच चौकशी करून पत्ता लिहून ठेवावा. रात्री अकरा वाजता शोध सुरू करण्यात अर्थ नसतो.

पाखरू पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसले, श्वासागणिक शेपूट खालीवर होऊ लागली, ते कुंथू लागले, पाय फाकले किंवा लुळे पडले, तर अंडे अडले असे समजावे. अशा वेळी एका खोक्यात मऊ कापड घालून सुमारे तीस अंश ऊब राहील अशी व्यवस्था करावी आणि त्याच तासाला वैद्याकडे निघावे. पोट दाबू नये, तेल घालू नये. आत अंडे फुटले तर जीव जातो.

नातीने पुढे दुसरी मादी आणली. तिने पहिल्या वर्षी पाच अंडी घातली. नातीने ती मोजली, तारखा टाकल्या आणि हात लावला नाही. मादी अठरा दिवस बसली आणि उठून गेली. आता संध्याकाळी सात वाजता नात स्वतः पिंजरा आतल्या खोलीत नेते, आणि मोठ्याने बोलणाऱ्याला, मग तो आजोबा का असेना, दटावते. दाणे घालणे म्हणजेच सांभाळणे, ही आमची समजूत पहिल्या पाखराबरोबर संपली. ती आपल्या घरी तशी संपू नये, एवढ्यासाठी हा विषय मांडला.