बटाट्याचा मुका मार आणि सळईवरचं आवरण

बटाटा काढणी यंत्राचा फाळ अख्खा वरंबा मातीसकट उचलतो आणि सळयांच्या फिरत्या पट्ट्यावर ढकलतो. माती सळयांमधून गळते, पाला मागं पडतो, बटाटे एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर चढत टाकीत जाऊन पडतात. तीन-साडेतीन महिने शेतकऱ्यानं जपलेल्या पिकाचं भवितव्य या काही सेकंदांत ठरतं, आणि ते त्या दिवशी कुणाला कळतही नाही. साल शाबूत असते, रंग बदललेला नसतो. दोन दिवसांनी सोलून पाहिलं की सालीखाली करडा-निळसर डाग निघतो. हा मुका मार. धक्क्यानं आतल्या पेशी फुटतात, त्यातलं टायरोसिन एका विकराच्या मदतीनं प्राणवायूशी संयोग पावतं आणि शेवटी मेलॅनिन तयार होतं. आपल्या केसांना काळा रंग देणारं द्रव्यही याच जातीचं. चिप्स किंवा फ्रेंच फ्राईजच्या कारखान्यात डाग ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की भाव उतरतो, नाहीतर गाडीच परत येते.

म्हणून पश्चिम युरोपातल्या बटाटा पट्ट्यात सळयांना कसलं आवरण घालावं हा प्रश्न फार गांभीर्यानं घेतात. जर्मनीच्या लोअर सॅक्सनीतल्या डामे गावी 1861 साली लोहारकामाच्या भट्टीतून सुरू झालेली ग्रिम्मे ही आज जगातल्या मोठ्या काढणी यंत्र कंपन्यांपैकी एक. नेदरलंड्सच्या ग्रोनिंगन प्रांतातल्या फेनडाममध्ये तर नुसते असे पट्टे बनवणारा ब्रुकेमाचा कारखाना आहे. पट्ट्याची रचना जवळून पाहण्यासारखी असते. दोन किंवा तीन जाड रबरी पट्टे, आत कापडाचे थर. त्यांच्यावर आडव्या बसवलेल्या पोलादी सळया, बहुधा दहा ते बारा मिलिमीटर जाडीच्या. सळईचं टोक चेपून सपाट केलेलं, त्याला भोकं पाडून ते रबरी पट्ट्याला रिव्हेटनं जखडलेलं. रिव्हेट एकदा बसली की सळई सहज निघत नाही, त्यामुळे अखंड नळीसारखं आवरण सळई बसवण्याआधीच ओवावं लागतं. हंगामात फाटलं तर मग चीर दिलेलं, दाबून बसवायचं आवरण शोधावं लागतं, आणि ते अखंड नळीइतकं घट्ट धरत नाही.

आता हिशेब पाहू, कारण आवरणाची खरी किंमत इथं कळते. एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत 40 मिलिमीटर अंतर आहे आणि सळई 11 मिलिमीटरची आहे, तर मोकळी फट राहते 29. त्याच सळईवर सगळीकडून अडीच मिलिमीटरचं आवरण चढवलं की ती 16 मिलिमीटरची होते आणि फट 24 वर येते. पट्ट्याचा मोकळा भाग साडेबहात्तर टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर. ओल्या चिकणमातीत एवढा फरक यंत्र तुंबवायला पुरतो. मग चालक काय करतो? पट्टा जोरात फिरवतो, खालचे हलवणारे रोलर वाढवतो, आणि जो मार टाळण्यासाठी आवरण घातलं तोच मार दुसऱ्या वाटेनं बटाट्याला देतो. आवरण घ्यायचंच तर सळयांमधलं अंतरही त्या बेतानं वाढवून घ्यायला हवं, आणि ते पट्टा मागवतानाच ठरवावं लागतं.

बाजारात मुख्य आवरणं तीन. पीव्हीसीची नळी सगळ्यांत स्वस्त आणि गुळगुळीत, माती तिला फारशी धरत नाही. पण थंडी पडली की ती कडक होते, आणि युरोपात ऑक्टोबरच्या सकाळी, जेव्हा बटाटाही गार होऊन जास्त नाजूक झालेला असतो, नेमकी तेव्हाच तिची मऊपणा देण्याची ताकद घटते. रेताड जमिनीत ती घासूनही लवकर संपते. रबर धक्का चांगला झेलतं आणि पकड देतं, म्हणून चढत्या पट्ट्यावर, जिथं बटाटा मागं घरंगळत येऊन खालच्यावर आदळतो, तिथं रबराला तोड नाही. मात्र चिकणमाती त्याला चिकटते. पॉलियुरेथेन महाग, पण झिजायला चिवट आणि माती सोडणारं. बरेच विक्रेते सरसकट तेच घ्या म्हणतात. माझं मत वेगळं आहे. सळईवर नीट न बसलेलं महाग आवरण हे नीट बसलेल्या स्वस्त आवरणापेक्षा वाईट. सैल नळीत टोकाकडून बारीक वाळू शिरते, नळी सळईभोवती फिरू लागते आणि ती वाळू पोलादाला आतून खात राहते. बाहेरून पट्टा नवा दिसतो. नळी कापली की आत सळई मधोमध बारीक झालेली सापडते, आणि ती भर हंगामात मोडते.

तरीही सगळ्यांत चांगलं आवरण विकत मिळत नाही, ते म्हणजे माती. पहिल्या पट्ट्यावर बटाट्यांच्या खाली मातीचा थर टिकला तर बटाटा पोलादाला टेकतच नाही. जाणकार सल्लागार सांगतात, की माती पहिल्या पट्ट्याच्या दोन-तृतीयांश ते पाऊण लांबीपर्यंत बटाट्यांसोबत राहायला हवी. म्हणून फाळामागचा पहिला पट्टा उघड्या सळयांचा ठेवणं बहुतेक ठिकाणी शहाणपणाचं. माती गळून गेली, बटाटे उघडे पडले, की तिथून पुढं आवरण हवं: दुसरा पट्टा, चढता पट्टा, टाकीकडे नेणारा पट्टा. नेदरलंड्सच्या किनाऱ्याकडच्या चिकण भुईत हा नियम चांगला चालतो. ईशान्येकडच्या रेताड जमिनीत माती पहिल्या हातभरातच गळून जाते, तिथं पहिल्या पट्ट्याच्याही सळया झाकणं योग्य.

निवड बरोबर झाली की नाही हे अंदाजानं ठरवू नये. यंत्राच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून थोडे थोडे बटाटे घ्यायचे, 35 अंशांच्या आसपास उबदार आणि दमट पेटीत बारा तास ठेवायचे आणि सोलायचे. जो डाग एरवी दोन दिवसांनी दिसला असता तो दुसऱ्या सकाळी दिसतो, आणि मार नक्की कुठल्या पट्ट्यावर बसतो हेही कळतं. धक्के मोजणारं उपकरण आत बसवलेला, बटाट्याएवढा गोळाही मिळतो. तो पिकासोबत यंत्रातून सोडला की प्रत्येक आपटीची नोंद होते. अशा तपासणीत पुष्कळदा दोषी ठरते ती सळई नव्हे, तर एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडण्याची उंची. ती पंधरा सेंटिमीटरच्या आत हवी.

आपल्याकडे आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा होतो, मंचरच्या बाजारात येतो, आणि चिप्ससाठीही जातो. चिप्सच्या बटाट्यात कोरडा अंश वीस टक्क्यांच्या वर लागतो, आणि कोरडा अंश जितका जास्त तितका बटाटा मुक्या माराला हळवा. मजूर मिळेनात म्हणून ट्रॅक्टरचा डिगर जसजसा वाढेल तसतसा हा प्रश्न आपल्या बांधावर येणार आहे. साध्या डिगरला एकच साखळी, म्हणजे सळयांचा पट्टा, असते आणि ती बटाटे मागं जमिनीवर सोडते. अशा एकेरी साखळीला, विशेषतः भारी जमिनीत, मी आवरण घालायला सांगणार नाही. तिथं फायदा बिनखर्चाच्या गोष्टींत आहे. दहा-पंधरा दिवस आधी पाला कापून साल पक्की होऊ द्या. वाफसा असताना काढणी करा. गिअर वरचा टाकून पीटीओचे, म्हणजे यंत्राला ताकद देणाऱ्या दांड्याचे, फेरे कमी ठेवा, म्हणजे साखळी ट्रॅक्टरच्या चालीपेक्षा फार पळणार नाही आणि माती तिच्यावर टिकेल. साखळीच्या शेपटापासून जमिनीपर्यंतची उंची कमीत कमी करा.

दोन पट्ट्यांचं यंत्र घेत असाल तर मात्र दुसऱ्या पट्ट्याला रबरी आवरण मागून घ्या, आणि पैसे देण्याआधी दोन सळयांमधली मोकळी फट आवरणासकट स्वतः मोजा.