आमच्या गाडीचं नाक आणि एक तुटलेली तार



आमच्याकडे 1996 सालची एक टर्बो गाडी आहे. शेजारी हसतात, "अजून विकली नाही?" पण आमच्या मंडळींना आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलला न्यावं लागतं आणि आमच्या घरापासून तिथे थेट बस नाही. तेव्हा ही गाडी म्हणजे आमचे पायच. गेल्या हिवाळ्यात ती बिघडली. त्यातून आम्ही जे शिकलो, ते सर्वांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

प्रथम इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मग गाडी उभी असताना इंजिन कमी-जास्त होऊ लागलं, पेट्रोलचा वास येऊ लागला. लिटरला दहा किलोमीटर देणारी गाडी सातवर आली. मुसाखवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा गेला, आम्ही खूश झालो. दोन आठवड्यांनी दिवा परत हजर! दुसऱ्या मुसाखमध्ये नेली, तर तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि टर्बो दोन्ही बदलायला सांगितलं. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. वार्षिक टेस्ट जवळ आलेली, आणि तिथे धूर तपासतात. गाडी भंगारात द्यावी असं आम्ही जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात सुट्टीवर आलेला नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही दोन दिवस थांबा. मी आधी तारा बघतो."

मुलांनो, हा सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. तो धुराच्या नळीत बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर सेन्सर साधारण 0.9 व्होल्ट देतो, हवा जास्त झाली तर 0.1. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉश कंपनीचा असा सेन्सर 1976 मध्ये प्रथम व्होल्वो गाड्यांत बसवला गेला. हे नाक सुमारे 300 अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या आत एक छोटा हीटरही असतो.

आमच्या सेन्सरला चार तारा: दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी सिग्नलच्या अर्थची. नातवाने गाडी थंड असताना प्लग काढला आणि डिजिटल मीटरने दोन्ही पांढऱ्या तारांमधला रोध मोजला. थोडेच ओहम आले, म्हणजे हीटर शाबूत. गाडीकडच्या प्लगमध्ये हीटरचे 12 व्होल्टही येत होते. मग प्लग जोडून, गाडी मोकळ्या हवेत चालू ठेवून, त्याने सिग्नल पाहिला. सेन्सरजवळ आकडा छान खाली-वर नाचत होता. कॉम्प्युटरच्या टोकाला मात्र मध्येच 0.45 वर येऊन अगदी ठप्प!

"आजोबा, नाक हुंगतंय, पण निरोप पोचत नाही," तो म्हणाला.

इंजिन बंद करून, दोन्ही टोकं सोडवून त्याने काळी तार मोजली. तार हलवली की मीटर कधी शून्याजवळ, कधी अनंत. आता दोष सापडला! तारांचा जुडगा धरून ठेवणारी क्लिप तुटली होती आणि जुडगा टर्बोच्या पत्र्यावर टेकला होता. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, त्यामुळे तो भयंकर तापतो. तारेचं वरचं रबर भाजून पापडासारखं झालं होतं आणि आतलं तांबं तुटलं होतं. पहिल्या वेळी सेन्सर बदलताना तार हलली, टोकं जुळली, म्हणून दोन आठवडे सगळं ठीक चाललं.

उष्णता सोसणारी नवी तार, दाबून बसवायचे जोड, वर उष्णतारोधक नळी आणि एक नवी क्लिप. सगळं शंभर शेकेलच्या आत. जुडगा टर्बोपासून दूर बांधला. एक गोष्ट लक्षात ठेवा: सेन्सरच्या स्वतःच्या तारांना डाग देऊ नये आणि त्याच्या प्लगमध्ये ग्रीस भरू नये, कारण बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा तारांच्या आतूनच मिळते. आमची तार तुटली होती ती प्लगच्या पलीकडे, गाडीच्या बाजूला.

दिवा गेला तो गेलाच. पेट्रोल पूर्वीसारखं लागतं. टेस्टही पास झाली, आणि मंडळींची हॉस्पिटलची एकही पाळी चुकली नाही.

मुसाखवाल्यांना आम्ही दोष देत नाही. दिव्याचा संकेत सेन्सरचं नाव सांगतो, तारेचं सांगत नाही. पण तुमच्याकडे जुनी टर्बो असेल, तर महागडा भाग बदलण्यापूर्वी एवढंच विचारा: "तार मोजली का?" आणि मुलांनो, तापलेल्या इंजिनाजवळ हात नेऊ नका, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. तो धूर जीव घेतो.

नातू परत ड्यूटीवर गेला. मीटर मात्र आमच्याकडेच ठेवून गेला आहे.