नकुसा : एका नावाची कुळकथा

महाराष्ट्रात मूल जन्मले की साधारणतः बाराव्या दिवशी त्याचे बारसे होते. पाळणा सजवला जातो, आप्तस्वकीय जमतात आणि बाळाची आत्या त्याच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करून नाव सांगते. मुलगी असेल तर ते नाव देवीचे असते, नदीचे असते, फुलाचे असते किंवा एखाद्या सद्गुणाचे असते. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः सातारा जिल्ह्यात, मात्र काही मुलींच्या वाट्याला या साऱ्यांहून वेगळे असे एक नाव येत असे. ते नाव म्हणजे 'नकुसा'. कोठे त्याचा उच्चार 'नकुशी' असा होई, तर कोठे 'नकोशी'.

या नावाचा अर्थ लावण्यासाठी कोश उघडण्याची गरज नाही. 'नको' हा मराठीतील अत्यंत वापरातला आणि काहीसा चमत्कारिक शब्द आहे. हिंदीत जेथे 'नहीं चाहिए' असे दोन शब्द लागतात, तेथे मराठीचे काम या एका शब्दाने भागते. तो इतका सोयीचा आहे, की हैदराबादच्या दखनी बोलीनेही तो 'नक्को' या रूपात उचलला. या 'नको'ला 'सा' हा प्रत्यय लागला की 'नकोसा' हे विशेषण तयार होते. 'थोडासा', 'काळासा', 'हवासा' हे शब्द याच घडणीचे आहेत. विशेषण असल्यामुळे ते लिंगाप्रमाणे बदलते. उन्हाळा नकोसा होतो, कुरकुर नकोशी वाटते, ओझे नकोसे होते. बोलीभाषेत यातील 'को'चा 'कु' झाला आणि 'नकुशी' हे रूप आले. 'नकुसा' या रूपाची गंमत अशी, की विशेषण म्हणून पाहिले तर ते पुल्लिंगी ठरेल. परंतु सीता, रमा, यमुना अशा आकारान्त स्त्रीनामांच्या वळणावर जाऊन ते मुलीचे नाव बनले. मुलाचे नाव 'नकोसा' ठेवल्याचे मात्र सहसा ऐकिवात नाही.

येथे एक शंका निघणे स्वाभाविक आहे. मुलांनाही ओबडधोबड नावे ठेवण्याची चाल महाराष्ट्रात होतीच. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे सर्वपरिचित आहेत. मग एकट्या नकुसाबद्दलच खंत का वाटावी? याचे उत्तर त्या नावांमागील हेतूत आहे. पूर्वी बालमृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. एकामागून एक अपत्ये दगावलेल्या घरात पुढचे मूल जगावे म्हणून त्याला मुद्दाम कुरूप नाव दिले जाई. दगडाला, केराला कोण दृष्ट लावणार, असा त्यामागचा भोळा विचार होता. भीक मागून मिळवलेले मूल म्हणून भिकू. (धोंड्याच्या, म्हणजे अधिक महिन्यात जन्मल्यामुळेही 'धोंडू' हे नाव पडत असे, हे येथे सांगितले पाहिजे.) थोडक्यात, दगडू हा घराला इतका हवा असतो, की तो हवा आहे हे नियतीला कळू नये म्हणून त्याचे नाव दगडू ठेवतात. नकुसाच्या बाबतीत शब्द आणि भावना यांत असे अंतर नाही. तेथे जे म्हटले आहे तेच म्हणायचे असते.

हे नाव बहुधा पहिल्या मुलीला मिळत नसे. दोन-तीन मुलींनंतर पुन्हा मुलगीच झाली, की ते ठेवले जाई. ठेवणारे पुष्कळदा आजोबा, आजी किंवा घरातील अन्य वडीलधारी मंडळी असत. केवळ राग व्यक्त करणे एवढाच त्यामागे उद्देश नव्हता. या मुलीला 'नको' म्हटले, म्हणजे देवाला आपले गाऱ्हाणे कळेल आणि पुढच्या खेपेस मुलगा होईल, अशी समजूत होती. म्हणजे मुलीचे नाव तिच्यासाठी नसून अजून न जन्मलेल्या भावासाठी घातलेले साकडे होते.

ही समजूत टिकली कशी, हे पाहण्यासारखे आहे. अपत्य मुलगा होणार की मुलगी, हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. पित्याकडून 'एक्स' आले तर मुलगी, 'वाय' आले तर मुलगा. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी हे नव्याने ठरते. आधीच्या मुलींची संख्या किंवा त्यांची नावे यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. निसर्गतः दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्माला येतात. तेव्हा नकुसाच्या पाठीवर आणखी एक अपत्य झाले, तर ते मुलगा असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिकच. ज्या घरी मुलगा झाला, तेथे नावाचा गुण आला असे सर्वांनी म्हटले. ज्या घरी झाला नाही, तेथे दैवाला बोल लावला गेला. नावाकडे दोष कधी आलाच नाही. निम्म्या वेळा खरा ठरणारा तोडगा खोटा आहे हे पटवणे कठीण असते. मुलगी झाल्याबद्दल शब्दांचा मार मात्र आईला खावा लागे, जिचा त्या निर्णयात काही भाग नसतो.

अशा नावांचा मक्ता एकट्या महाराष्ट्राकडे नाही. हरियाणात 'भतेरी' हे नाव आढळते. भतेरी म्हणजे पुष्कळ झाल्या, पुरे झाल्या. राजस्थानातील 'धापू' या नावात पोट भरल्याचा, म्हणजे आता आणखी नको असा भाव आहे. उत्तर भारतातील 'अंतिमा' ऐकायला सुसंस्कृत वाटते, पण मुलींमध्ये ही शेवटची ठरो, हीच इच्छा तीत पुष्कळदा दडलेली असते. तमिळनाडूत तिरुत्तणीजवळच्या नारायणपुरम या गावात 'वेंडाम' नावाच्या मुली आहेत. तमिळ भाषेत वेंडाम म्हणजे नको. नकुसाची ही सख्खी बहीणच म्हणावी लागेल. भारताबाहेर चीनमध्ये 'चाओदी' हे मुलीचे नाव आहे आणि त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावणारी असा होतो. एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या समाजांना मुलीचे नाव ठेवताना तीच कल्पना सुचावी, हे खेदजनक आहे.

नकुसा हे नाव घेऊन वाढणे म्हणजे काय, याची कल्पना शाळेच्या हजेरीवरून येईल. रोज सकाळी वर्गात हे नाव पुकारले जाते आणि तिने 'हजर' म्हणायचे असते. वह्यांवर, गुणपत्रिकेवर, शिधापत्रिकेवर तेच नाव. पूर्वी यातून सुटका होई ती बहुधा लग्नात, कारण सासरी वधूचे नाव बदलण्याची रूढी होती. ताटातील तांदळात नवे नाव लिहिले जाई आणि नकुसाची सुनंदा किंवा मंगल होई. ही सुटकाही अर्थात तिने स्वतः निवडलेली नसे.

स्वतः निवडण्याची संधी आली ती २०११ साली. सातारा जिल्ह्यात या नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये झालेल्या समारंभात २८५ मुलींनी जुने नाव टाकून नवे नाव धारण केले. त्यांना नव्या नावाची प्रमाणपत्रे देण्यात आली. कोणी चित्रपट-अभिनेत्रीचे नाव घेतले, कोणी सावित्री हे नाव पसंत केले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा जन्म याच जिल्ह्यातील नायगावचा, हे लक्षात घेता ही निवड विशेष समर्पक वाटते. पुढे हा विषय दूरचित्रवाणीवरही आला. २०१६ साली सुरू झालेल्या 'नकुशी – तरीही हवीहवीशी' या मालिकेच्या नायिकेचे नाव हेच होते आणि तिच्या शीर्षकातच 'नको' आणि 'हवे' समोरासमोर उभे होते.

आता हे नाव नव्याने ठेवले जाण्याचे प्रसंग विरळ झाले आहेत. ही गोष्ट चांगली असली, तरी तिच्यावरून घाईने अनुमान काढणे बरे नव्हे. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ राहिल्या आणि २०११ साली ८९४. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता आणि १९९४ साली तो देशासाठी झाला. तरीही आकडे घसरत गेले. नकुसाला तिच्या घराने नको म्हटले खरे, पण ती जन्मली, पाळण्यात निजली, शाळेत गेली. सोनोग्राफीचे यंत्र गावोगाव पोहोचल्यानंतर ज्यांना जन्मच नाकारला गेला, त्यांना नाव ठेवण्याची वेळच आली नाही. म्हणून एखाद्या तालुक्यात नकुसा नावाची मुलगी उरली नाही असे कळले, तर तेथील अंगणवाडीच्या पटावर मुली किती आहेत, हेही विचारावे लागते.

समारंभात नाव बदलले, म्हणजे सर्व कागदांवर ते बदलले असे होत नाही. रूढ पद्धतीनुसार नावातील बदल शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि त्या आधारे शाळेचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पुस्तक अशा एकेका ठिकाणी नवी नोंद करून घ्यावी लागते. राजपत्रातील त्या नोंदीत जुने नाव आणि नवे नाव अशी दोन्ही नावे छापली जातात. नवे नाव घेणाऱ्या मुलीला ते पान पुढे अनेक वर्षे जपून ठेवावे लागते.