सॅमनला टक्कर देणारा नर्मदेचा बाडस

सॅमन गळाला लागावा म्हणून लोक स्कॉटलंड, नॉर्वे, कॅनडा गाठतात आणि बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत उभे राहतात. इंदूरकरांना एवढी पायपीट करायची गरज नाही. खंडवा रस्त्याने सिमरोळ सोडलं, भेरूघाट उतरला, बडवाह आलं की समोर नर्मदा. या पाण्यातल्या एका माशाने सॅमनच्या देशातून आलेल्या साहेबांनाही चकित केलं होतं. पुस्तकात त्याचं नाव महाशीर, आपल्याकडे बाडस. २०११ साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. आपला राज्यपक्षी, राज्यप्राणी शाळेतल्या पोरांना पाठ असतो. या माशाचं नाव मात्र मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. म्हणून हा सगळा ऐवज.

साहेबाची साक्ष

हेन्री सुलिव्हन थॉमस हा मद्रासच्या सनदी सेवेतला अधिकारी. १८७३ साली त्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात सरळ निकाल देऊन टाकला: सारख्या वजनाचे दोन मासे घ्या, महाशीर सॅमनपेक्षा जास्त झुंजवतो. गळ लागल्याबरोबर तो जी पहिली धाव घेतो, तिच्यात सगळी ताकद ओततो. रिळावरची दोरी बघता बघता संपते, आणि तो खडकाआड शिरला तर तुटतेच.

जिम कॉर्बेटचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) आपण नरभक्षक वाघांसाठी वाचतो. त्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण वाघावर नाही, महाशीरच्या मासेमारीवर आहे. बंदूक बाजूला ठेवून गळ हातात घेतलेला कॉर्बेट वाचायचा असेल, तर ते प्रकरण चुकवू नका.

दात आहेत, पण घशात

बाडसच्या जबड्यात एकही दात नाही. तोंडात बोट घातलं तर मऊ, जाड ओठ लागतील. दात आहेत ते आत, घशात, आणि ते असे की गोगलगायीचं कवच फुटतं, खेकडा चुरडला जातो. जुन्या शिकाऱ्यांचे लोखंडी गळसुद्धा त्याने चेपून टाकल्याचे दाखले आहेत.

खाणं मात्र अगदी चौफेर: शेवाळ, किडे, शिंपले, छोटे मासे आणि झाडावरून पाण्यात पडणारी फळं. नदीवर झुकलेलं उंबराचं झाड दिसलं की मुरलेला गळकरी तिथेच बैठक मारतो, ते यामुळेच.

नात्यागोत्याने तो रोहू-कतल्याच्या घरातला. सॅमनशी त्याचं काही नातं नाही. आणि हॉटेलात ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मिळतो, तो आपला रावस. त्याचंही सॅमनशी नातं नाही. तो समुद्राचा आणि खाडीचा रहिवासी, चवीला उत्तम, पण घराणं वेगळं.

समुद्रातून नर्मदेत येणारा पाहुणा

समुद्रात वाढायचं आणि अंडी घालायला नदीत शिरायचं, ही सॅमनची खरी ओळख. नर्मदेतही हे करणारा एक मासा आहे: हिल्सा, कोकणातला पाला. पावसाळ्यात भरूचच्या मुखातून तो गोड्या पाण्यात चढतो. आता वाटेत धरणं उभी राहिल्यामुळे त्याची मजल तोकडी झाली आहे.

बाडस समुद्राकडे जातच नाही. त्याचा सगळा प्रवास नदीतल्या नदीत, डोहातून वर खळाळत्या पाण्याकडे. अंडी घालायला त्याला स्वच्छ, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि तळाशी गोटे-वाळू लागते.

जानापावचा एक थेंब इकडे, एक तिकडे

महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा पाण्याची वाटणी होते. एका अंगाचं पाणी चंबळ धरतं, यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागरात जातं. दुसऱ्या अंगाचं पाणी चोरल नदीतून बडवाहपाशी नर्मदेला मिळतं आणि अरबी समुद्र गाठतं. एकाच डोंगरावरचे दोन शेजारी थेंब, आणि मध्ये अख्खा देश. सहलीला चोरलला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: ज्या ओढ्यात पोरं पाय बुडवून बसतात, ती बाडसच्या घराची वाट आहे.

शिवाय १९७८ पासून इंदूरच्या नळाला नर्मदा आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी उपसतात, डोंगर चढवतात आणि सुमारे ७० किलोमीटरवरून शहरात आणतात. सकाळचा चहा आणि बाडस, दोघांचं पाणी एकच.

अहिल्याबाईंच्या खर्चात माशांचा वाटा

हे मला सगळ्यात जास्त आवडतं. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ महेश्वरहून राज्य चालवलं. त्यांच्यानंतर तीसेक वर्षांच्या आतच सर जॉन माल्कमने माळव्याचा इतिहास लिहिला (१८२३) आणि त्यात आवर्जून नोंदवलं की बाईंच्या दयेत रानातली जनावरं, पाखरं आणि नदीतले मासे यांचाही वाटा होता; त्यांच्यासाठी अन्न नेमून दिलेलं होतं. घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळांचे जीर्णोद्धार यांच्या लांबलचक यादीत ही ओळ बहुतेक लेखांत सुटून जाते.

आजही महेश्वरच्या घाटावर आणि ओंकारेश्वरला आट्याच्या गोळ्या विकायला बसलेल्या बायका दिसतात. सकाळी लवकर, नावांची वर्दळ सुरू व्हायच्या आत, शेवटच्या पायरीवर बसा. एक गोळी टाका. आधी चिलव्याचा थवा येतो, बोटाएवढे चंदेरी मासे, गोळी ढकलत ढकलत नेतात. डोळे पाण्याला सरावले की त्यांच्या खाली एक काळसर पाठ हलताना दिसते, मग दुसरी. मोठा मासा घाई करत नाही. गोळी बुडत खाली येईपर्यंत थांबतो आणि अलगद ओढून घेतो. ‘पों’ करून एक बुडबुडा वर येतो. पोरांना हे तासभर पुरतं, आणि गळही लागत नाही.

असे अभय दिलेले डोह महाराष्ट्रातही आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवरचा वाळणकोंड, तिथे वरदायिनीच्या नावाने मासे राखलेत. भाविक कुरमुरे टाकतात आणि पाणी उसळतं. वाडा तालुक्यातल्या तिळसेश्वराला वैतरणेच्या डोहातही तसंच. कायद्याच्या कितीतरी आधी लोकांनी देवाच्या भरवशावर हे मासे वाचवले.

राजाचा छंद, ९०० वर्षांपूर्वीचा

गळाने मासे धरणं हा साहेबांनी आणलेला शौक आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला ‘मानसोल्लास’ दाखवा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेला हा संस्कृत ग्रंथ. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, कोण काय खातो, कोणाला कसलं आमिष द्यायचं, काठी आणि दोरी कशी असावी, सगळं तपशीलवार. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात या भागाचा अभ्यास करून तो जगापुढे आणला. इंग्रजीतलं गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक निघालं १४९६ साली. म्हणजे आपला राजा साडेतीनशे वर्षांनी पुढे.

५४ किलोचा मासा आणि लोणावळ्याची पिल्लं

महाशीरचा विक्रम १९४६ सालचा. कावेरीच्या खोऱ्यात डी वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंहून जास्त वजनाचा मासा गळाने काढला. व्हॅन इंगेन हे म्हैसूरचं वाघ-बिबट्यांत पेंढा भरणारं प्रसिद्ध घराणं.

तो मासा आपला बाडस नव्हता. तो कावेरीचा मदार असलेला महाशीर, आणि गंमत बघा, एवढ्या नावाजलेल्या माशाचं शास्त्रीय नाव ‘टॉर रेमादेवी’ हेच आहे, हे २०१८ साली पक्कं झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीतही गेला.

इथे एक मराठी धागा आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतला महाशीर कर्नल साइक्सने १८३९ साली शास्त्रापुढे मांडला. सत्तरच्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत तलावांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशाची अंडी माणसाच्या हाताने फलवून पिल्लं वाढवली. काम अवघड होतं. मादी नेमकी पिकलेली मिळायला हवी, अंडी तळाशी बसतात, त्यांच्यावरून सतत ताजं पाणी खेळवायला हवं. तीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पुढे कित्येक दिवस पोटाशी बांधलेल्या बलकावर जगतं. हे साधलं आणि पिल्लं देशभरातल्या नद्यांत, तलावांत गेली. एका माशाचं मरण टळलं, हे या माणसांचं मोठं देणं आहे. पण तीच पिल्लं कावेरीत पोचली, तिथे फोफावली आणि तिथला मदारवाला मागे पडला, असं अभ्यासक सांगतात. प्रत्येक नदीला तिचाच महाशीर हवा, हे माझं ठाम मत झालं ते यावरून. नर्मदेत सोडायचा तर नर्मदेचाच बाडस सोडावा.

आणि सोडायची वेळ आली आहे खरी. १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेच्या मासेमारीचा मोठा सरकारी अभ्यास झाला, तेव्हा जाळ्यात येणाऱ्या माशांत पाव हिश्श्याहून जास्त महाशीर होता. त्यानंतर बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर अशी धरणं एकामागून एक झाली. एकट्या इंदिरा सागरात १२ अब्ज घनमीटरहून जास्त पाणी मावतं. सिंचनाला, विजेला ते मोलाचं. पण साचलेल्या पाण्यात गोट्यांवरून खळाळणारी नदी उरत नाही, आणि बाडसला हवी असते ती तीच. बडवाहच्या वनविभागाने त्याची वीण वाढवायचं काम हाती घेतलं, त्याची बातमी इंदूरच्या पहिल्या पानावर यायला हवी.

सॅमनवाल्यांचंही ऐका

ब्रिटनमधला गळाने धरलेला सर्वांत मोठा सॅमन ६४ पौंडांचा. तो ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीत जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने धरला; झुंज चालली दोन तासांच्या आसपास. शंभर वर्षं उलटली, विक्रम तिच्याच नावावर आहे.

पॅसिफिकचे सॅमन अंडी घालून झाली की मरतात. ज्या ओढ्यात जन्मले, तो ओढा ते वासावरून ओळखतात. युकॉन नदीत काही सॅमन ३,००० किलोमीटर उलटे पोहतात.

तुमची मुलगी किंवा भाचा सिएटलला असेल तर बॅलर्डच्या जलद्वारापाशी जायला सांगा. तिथे काचेच्या खिडकीतून पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणारे सॅमन दिसतात. ब्रिटिश कोलंबियात ॲडम्स नदीवर दर चार वर्षांनी लाल सॅमनची प्रचंड झुंड येते. २०२२ ला आली होती, त्या हिशेबाने पाळी २०२६ ची.

बोटावरची दोरी

कोकणात मासे गरवायला जातात, निमाडात बंसी टाकतात, मजा एकच. बडवाहच्या बाजूला एका केवटदादांना मी आमिष करताना पाहिलं. कणीक घट्ट मळली, त्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ आणि चिमूटभर हिंग. गोळी लिंबाएवढी, गळ पूर्ण झाकणारी. ती पाण्यात बुडवून दोनदा दाबून पाहिली. सुटली तर पुन्हा मळायची. मग दोरी सोडून तिचा एक फेर तर्जनीवर घेतला आणि गप्प बसले. “छोटा मासा टुकटुक करतो,” ते म्हणाले, “बाडस विचारत नाही, ओढतो.”

टुकटुक आणि ओढ यांतला हा फरक बोटाला कळला, की दिवस सार्थकी लागला असं समजा. मासा मिळो न मिळो. पाण्याकडे इतका वेळ टक लावून बसल्यावर खंड्याची झेप, पाणकावळ्याची बुडी, वाऱ्याने पालटणारा पाण्याचा रंग, सगळं आपोआप दिसायला लागतं.

बाडस लागलाच, तर तो परत सोडा, ही माझी कळकळीची विनंती. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून ठेवा म्हणजे तो अलगद निघतो. हात ओले करून मगच माशाला धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि त्याला रोग जडतो. पाण्याबाहेर उचलून फोटोसाठी ताटकळवू नका. तोंड प्रवाहाकडे करून आधार द्या, दमलेला मासा स्वतः शेपटी मारेपर्यंत.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, कारण तो विणीचा काळ. तीर्थाच्या घाटांवर गळ टाकायचा नाही. इतरत्र कुठे परवानगी आहे, ते मत्स्यविभागाला आणि तिथल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा. पाणी निवळतं ते दिवाळीच्या सुमाराला. तेव्हापासून होळीपर्यंतच्या सकाळी सगळ्यात चांगल्या. ओंकारेश्वरच्या खाली बसणार असाल तर पात्रातल्या खडकावर कधीच नको. वर धरणाची दारं उघडली की पाणी झपाट्याने चढतं. भोंगा वाजला की सामान आवरत बसू नका, आधी पोरांना घेऊन काठ चढा.